झरोक्यात मावेल असं पिस्तूल

एका जंगलात भार्गवराव नावाचे एक धनेश राहत होते. जंगल कुठलं, असं मध्येच विचारायचं नाही. पक्ष्याला राव कशाला म्हणता, असंही विचारायचं नाही. मुलांनो, ज्याच्या चोचीवर एवढं थोरलं पिवळं शिंग असतं आणि ज्याला त्या शिंगाचा फार अभिमान असतो, त्याला राव म्हणावंच लागतं. नाहीतर तो रुसतो, आणि मग गोष्ट पुढं सरकत नाही.

धनेश तुम्ही पाहिला नसेल. थोराड, काळा-पांढरा पक्षी. चोच ही एवढी लांब, केळ्यासारखी वाकडी. उडाला की पंखांची अशी घरघर होते, की खालची माकडं खाणं थांबवून वर बघतात.

आता यांच्यातली रीत ऐका. अंडी घालायची वेळ आली, की बायको उंच झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि आतून दार लिंपून घेते. चिखल, फळांचा चोथा, आणखीही काय काय. ए पुढच्या रांगेतल्या, नाक मुरडू नकोस, तुझ्या पणजीचं घरही शेणानंच सारवलेलं होतं. ती भिंत वाळली की दगडासारखी टणक होते. मधे फक्त एक झरोका ठेवायचा, चोच जाईल एवढा. आत बाईसाहेब आपली जुनी पिसं गाळून टाकतात. मग तीन-साडेतीन महिने बाहेर येणं नाही, उडणं नाही. नवऱ्यानं घशापासून चोचीपर्यंत फळं ठासून भरून आणायची आणि एकेक करून झरोक्यातून भरवायची.

म्हणजे नवऱ्यानं भरवलं तर जेवण, नाहीतर उपास. एवढं लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी मी रागावणार नाही.

भार्गवरावांच्या बायकोचं नाव वेणूताई. त्या वर्षी त्या एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत बसल्या होत्या. खाली एक अंडं होतं, वर अंधार होता, आणि झरोक्यातून दिवसातून पाच वेळा भार्गवरावांची चोच आत येत होती. सगळं छान चाललं होतं.

सगळं छान चाललं असलं की कुणाच्या तरी पोटात दुखतं. इथं दुखलं मनोहरशेठच्या.

मनोहरशेठ म्हणजे उदमांजर. उदमांजरं दिवसा झोपतात म्हणे. पण एकदा दुकान टाकलं की कसली झोप आणि कसलं काय! शेठचं दुकान होतं पिस्तुलांचं. जंगलात पिस्तुलं कुठून आली? तुमच्या घरात आली तिथूनच, म्हणजे जाहिरातीतून.

शेठनं एके सकाळी नांदरुकाच्या झाडाखाली व्याख्यान ठेवलं. विषय होता ‘घरात एकटी ती’. सगळे धनेश जमले. झाडावर फुकट फळं होती, त्यामुळं कुणी उठून गेलं नाही.

“भार्गवराव, तुम्ही इथं फळं खाताय,” शेठ म्हणाला, “आणि तिकडं वहिनी एकट्या! आत्ता या क्षणी झरोक्याशी कोण उभं असेल?”

सगळ्यांनी फळं गिळायची थांबवली.

“पलीकडच्या जंगलात मागच्या वर्षी एक अंडं गेलं,” शेठनं आवाज खाली आणला.

“कुणी नेलं?” भार्गवरावांनी विचारलं.

“तपास चालू आहे,” शेठ म्हणाला, आणि त्यानं मिशी पुसली. मिशीला काहीतरी पिवळं लागलं होतं. आंबा असेल. आपण कशाला कुणावर संशय घ्या?

आता खरं सांगू का? भार्गवरावांच्या जंगलात धनेशिणीची भिंत आजवर कुणालाही फोडता आली नव्हती. शेठच्या बापाची आणि आज्याची नखं तिथं झिजली होती. पण भीतीचं असं असतं मुलांनो, की ती एकदा डोक्यात शिरली, की भिंत किती जाड आहे हे कुणी बघायला जात नाही. भार्गवरावांच्या तर तोंडचं पाणीच पळालं. डोळ्यांसमोर वेणू दिसायला लागली, बिनपिसांची, एकटी. त्यांना गलबलून आलं. बायकोवर जीव होता हो त्यांचा. त्यात खोट नव्हती. खोट अकलेत होती.

ते थेट दुकानात गेले.

“वहिनींसाठी ना?” शेठनं हसून विचारलं.

“हो. हलकंसं. नाजूकसं. आणि झरोक्यातून आत गेलं पाहिजे.”

“झरोका केवढा?”

भार्गवरावांनी आपली चोच पुढं केली. शेठनं वेल घेऊन तिचं माप काढलं आणि एक लांबलचक पिस्तूल मांडलं.

“हे गवा वापरतो. पण वहिनींच्या झरोक्यातून नळीच तेवढी जाईल. वहिनी कशाला धरणार?” त्यानं ते बाजूला ठेवलं आणि दुसरं काढलं. “हे बसेल. मात्र वजनदार आहे. वहिनींना वजन उचलायची सवय आहे?”

“छे हो! ती घरातच असते. भिंतीबिंती बांधते, तेवढंच.”

“मग हे बघा.” शेठनं केळीच्या पानात गुंडाळलेली एक वस्तू सोडली. इवलंसं पिस्तूल होतं. मुठीवर मोगऱ्याच्या कळ्या कोरलेल्या होत्या. “खास महिलांसाठी! लहान, सुबक, हाताळायला सोपं. असं हे पायात धरायचं आणि चाप ओढायचा. लिंबू पिळण्याइतकं सोपं.”

दुकानात कोपऱ्यात एक कासवआजी बसली होती. ती कशासाठी आली होती कोण जाणे. बहुतेक सावलीसाठी.

“लहान असतं तेच जास्त उसळतं रे बाबा,” ती म्हणाली. “जड असतं ते निदान आपला धक्का आपण पचवतं.”

“आजी, तुम्हाला काय कळतंय यातलं?” शेठ म्हणाला.

“मला नाही कळत. पण ज्या बाईला वापरायचंय तिला विचारलंत का, कसलं हवंय? मुळात हवंय का?”

दुकानात आणखी तीन-चार धनेश होते. ते एकमेकांकडं बघून खो खो हसले. भार्गवरावही हसले.

“अहो आजी, विचारून दिली तर ती भेट कसली?”

आजीनं मान आत घेतली. शहाण्या माणसांना ही सोय नसते, म्हणून ती वाद घालत बसतात.

“एकदा चालवून बघा की,” शेठ म्हणाला.

भार्गवरावांनी दुकानाबाहेरच्या फांदीवर बसून पिस्तूल पायात धरलं, डोळे मिटले आणि चाप ओढला. ठो! दुसऱ्या क्षणाला ते फांदीवर नव्हते. ते खाली करवंदीच्या जाळीत उलटे पडले होते आणि पिस्तूल त्यांच्या शिंगावर आपटून टण्णकन वाजलं होतं.

“कसं वाटलं?” शेठनं वाकून विचारलं.

“हलकं आहे,” भार्गवराव काटे काढत म्हणाले. “मला नाही जमलं. पण बायकांसाठीच बनवलंय म्हटल्यावर तिला जमेल.”

बाकीच्या धनेशांनाही ते पटलं. शेपटीची दोन पांढरी पिसं शेठला देऊन भार्गवराव पिस्तूल चोचीत धरून घरी निघाले. फळं आणायला चोच कुठं मोकळी होती?

झरोक्यातून वेणूताईंची चोच बाहेर आली. आत गेलं ते पिस्तूल.

“हे काय?”

“पिस्तूल! तुझ्यासाठी! आवडलं?”

“आणि जेवण?”

“अगं, जेवण रोजचंच आहे. हे बघ ना, मुठीवर मोगरा आहे.”

“आत अंधार आहे हो,” वेणूताई म्हणाल्या. “आणि मोगरा खाऊन पोट भरत नाही. बरं, आणलंत तर ठेवते कुठंतरी. करवंदं पिकली असतील ना? उद्या तेवढी आणा. उंबरं खाऊन खाऊन कंटाळा आलाय.”

पण भार्गवराव हलले नाहीत. शेठनं शिकवलेले नियम अजून सांगायचे होते. त्यांनी घसा साफ केला.

“नीट ऐक वेणू. झरोक्याशी कुणीही आलं, की आधी विचारायचं, ‘कोण?’ उत्तर आलं नाही, की चाप ओढायचा. मग ते कुणीही असो.”

“अहो, इथं तुमच्याशिवाय येतंय कोण?”

“तेच तर! आजवर आलं नाही म्हणजे आता येणारच.”

“तुमचे पंख मला दोन डोंगरांपलीकडून ऐकू येतात.”

“पंखांवर विश्वास ठेवून चालत नाही. नियम म्हणजे नियम.”

वेणूताईंनी पिस्तूल गाळलेल्या पिसांखाली सरकवलं. उपाशीपोटी वाद घालायचा नाही, हे त्यांना लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी भार्गवराव करवंदं घेऊन आले. घसा भरलेला, चोच भरलेली, गाल असते तर तेही भरले असते. घरघर ऐकून वेणूताईंनी आतूनच चोच उघडली.

“आलात? द्या.”

भार्गवरावांचा संताप झाला. “अगं, विचारलं का नाहीस कोण म्हणून? मी मुंगूस असतो तर?”

एवढं बोलायला चोच उघडावी लागते, मुलांनो. ती उघडली. करवंदं टपटप टपटप खाली गेली.

वेणूताईंनी एक उसासा सोडला. पुढच्या खेपेला त्यांनी शहाण्यासारखं विचारलं, “कोण?”

“मी!” भार्गवराव आनंदानं म्हणाले. टपटप टपटप.

तुमच्या लक्षात आलं ना? तुम्ही लहान आहात म्हणून लगेच आलं. भार्गवरावांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, नियमात काहीतरी कमी पडतंय. आणखी एखादा नियम हवा. चोचीच्या कोपऱ्यात दोन करवंदं अडकून राहिली होती, ती त्यांनी बायकोला दिली आणि ते शेठकडं गेले.

“लांबून ओरडून सांगितलं तर?” त्यांनी विचारलं. “आधी ओरडायचं, मग फळं तोंडात घ्यायची.”

“अरे देवा!” शेठनं कपाळाला पंजा लावला. “राव, भृंगराज पक्षी सगळ्यांची नक्कल करतो, ठाऊक आहे ना? त्यानं तुमचा आवाज काढला तर? नाही नाही. परवलीचं वाक्य हवं. गुप्त. आणि ते झरोक्याशी येऊनच म्हणायचं.”

“कुठलं वाक्य?”

“जरा लांबच असू दे. लहान वाक्य कुणीही ओळखतं.”

वाक्य ठरलं. ‘बेहड्याच्या ढोलीत बहरला बहावा, भेटीला आला भार्गव.’ एका दमात म्हणून बघा. आता तोंडात वीस करवंदं धरून म्हणून बघा.

पुढचे दोन दिवस भार्गवराव दिवसातून पाच खेपा करत होते. पंख दुखत होते, डोळे खोल गेले होते. प्रत्येक खेपेला आतून प्रश्न येत होता, बाहेरून परवलीचं वाक्य जात होतं, आणि ‘बहरला’पर्यंत पोचेपर्यंत सगळी फळं झाडाखाली पोचत होती. झाडाखाली मनोहरशेठ सहकुटुंब बसला होता. शेठाणी करवंदं वेचत होती, पोरं बिया थुंकत होती.

“शेठ, तुम्ही इथं?” भार्गवरावांनी वरून विचारलं.

“विक्रीनंतरची सेवा,” शेठ तोंड पुसत म्हणाला. “सुरक्षा कशी चाललीय ते बघायला आलो. उत्तम चाललीय. कुणी चोर फिरकला का?”

“अजिबात नाही!”

“बघा!” शेठ म्हणाला. भार्गवरावांना अभिमान वाटला.

“अहो,” वेणूताईंचा आवाज आतून आला. बारीक झाला होता आवाज. “तुम्ही काही बोलू नका ना. नुसतं द्या. मी हात जोडते.”

“असं कसं, वेणू? तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं.”

आत वेणूताई रडल्या. त्यांना भूक लागली होती, आणि राग आला होता, आणि खालच्या अंड्याला चीर गेली होती. तिन्ही गोष्टी बाहेर सांगायच्या तर तेवढी ताकद नव्हती. सांगून काय उपयोग झाला असता? उत्तर द्यायला नवऱ्यानं चोच उघडली असती.

पाचव्या दिवशी सकाळी भार्गवराव पहिली खेप घेऊन आले. करवंदं होती, उंबरं होती, वर एक मऊसा सरडा होता. पंख मिटून ते झरोक्याशी बसले आणि प्रश्नाची वाट बघू लागले. वाक्य घोकून तयार होतं.

प्रश्न आला नाही.

झरोक्यातून पिस्तुलाची नळी बाहेर आली. सावकाश आली आणि भार्गवरावांच्या दोन डोळ्यांच्या बरोबर मधे येऊन टेकली.

“चोच उघडायची नाही,” आतून वेणूताई म्हणाल्या.

भार्गवरावांनी डोळे मोठे केले. बोलायला तेवढेच मोकळे होते.

“मी विचारणार नाही कोण. तुम्ही सांगायचं नाही. एक शब्द जरी आला ना बाहेर, तर तुमचा नियम तुम्हालाच लावीन. कळलं असेल तर मान हलवा.”

मान हलली. शिंगासकट हलली.

“पहाटे पिल्लू झालंय. मुलगी आहे. जन्मल्यापासून तिच्या पोटात काही गेलेलं नाही आणि माझ्या पोटात चार दिवसांत सहा करवंदं गेली आहेत. तुमची ती सुरक्षा हिला भरवता येत नाही हो. आता एकेक फळ चोचीच्या टोकावर घ्यायचं आणि नळीच्या बाजूनं आत द्यायचं. आधी सरडा. घाई करायची नाही. सांडायचं नाही.”

मग आतून एक आवाज आला. चीं. इतका बारीक, की पान हललं असतं तर ऐकू आला नसता. आपल्याला लेक झाली हे भार्गवरावांना असं कळलं. नाकासमोर नळी, घशात करवंदं, आणि आनंदानं ओरडायची बंदी.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती तर होतीच. लहान पिस्तुलाचा दणका काय असतो हे त्यांच्याइतकं त्या जंगलात कुणाला ठाऊक नव्हतं. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. चार दिवस आपण बायकोच्या तोंडचा घास आपल्याच तोंडानं खाली पाडला. चोरानं तरी एवढं केलं असतं का?

त्यांनी सरडा दिला. मग एक उंबर दिलं, मग एक करवंद. चोच स्थिर होती. एक दाणा सांडला नाही. आत मचमच आवाज येऊ लागला. शेवटचं करवंद संपलं, तशी नळी थोडी मागं सरकली.

“आता जा आणि दुसरी खेप आणा,” वेणूताई म्हणाल्या. “आणि नांदरुकावर गप्पा मारत बसू नका.”

झाडाखाली शेठ आ वासून बसला होता. संध्याकाळपर्यंत बसला. मग सहकुटुंब उठून गेला.

त्या दिवसापासून भार्गवराव बदलले. खेपा पाचाच्या आठ झाल्या. वेळ चुकेना. आज उंबर तर उद्या जांभूळ, परवा बेडूक. बोलणं नाही, सूचना नाहीत, शिकवणं नाही. नळी रोज झरोक्यात असायची आणि भार्गवराव तिला वळसा घालून भरवायचे. वेणूताईंचा आवाज पुन्हा खणखणीत झाला. लेक तर अशी गुटगुटीत झाली, की ढोलीत जागा पुरेना.

आसपासच्या ढोलींमधून बायका हे झरोक्यातून बघत होत्या. एक म्हणाली, “बाई, वेणूताईंचे हे किती बदलले!” दुसरी म्हणाली, “आमच्या यांना सांगायला हवं, एक आणा म्हणून.” दुकानापुढं नवऱ्यांची रांग लागली. मनोहरशेठचा धंदा तेजीत आला, पण झाडाखाली फळं पडायची बंद झाली, त्यामुळं शेठाणी त्याच्यावर खेकसायला लागली. शेठाणीलाही कुणीतरी पिस्तूल भेट दिलं म्हणतात. असो.

यथावकाश भिंत फुटली. वेणूताई नवी पिसं लेवून बाहेर आल्या, मागून लेक आली. तिचं नाव आवली ठेवलं. आवली शिकली, उडाली, मोठी झाली, आणि बघता बघता लग्नाची झाली.

स्थळं यायला लागली. एक दिवस एक तरणाबांड धनेश बघायला आला. शिंगाला नुकताच पिवळा रंग चढलेला, बोलणं भरपूर. चहाफराळ झाला. मुलाला मुलगी आवडली, मुलीला मुलगा आवडला.

“आंदण काय द्यायचं ते आमच्या हिनं ठरवलंय,” भार्गवराव म्हणाले.

वेणूताईंनी केळीचं पान सोडलं. आत इवलंसं पिस्तूल होतं. मोगऱ्याच्या कळ्या थोड्या झिजल्या होत्या.

“वा!” मुलगा म्हणाला. “हलकं दिसतंय. पण मामंजी, चालवायला सोपं आहे ना? म्हणजे, बायकांना झेपेल असं?”

भार्गवरावांनी आधी वेणूताईंकडं बघितलं. बोलू का, असं विचारलं. वेणूताईंनी मान हलवली.

“चालवावं लागतच नाही, जावईबापू,” भार्गवराव म्हणाले.

तात्पर्य : बायकोसाठी पिस्तूल निवडताना ते लहान, हलकं आणि हाताळायला सोपं असेल हे जरूर पाहावं. चोराचा काही भरवसा नाही, तो येईल न येईल. नवरा मात्र रोज घरी येतो.